सज्ञान बाई

"वय?"

"अठ्ठावन्न."

"म्हणजे सज्ञान," असं म्हणून आमच्या गावच्या ठाण्यातल्या हवालदारानं पेन खाली ठेवलं.

तात्यांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तो शब्द लागला. ते पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. शब्द कुठला कुणाला लावायचा याचं त्यांना फार. "सज्ञान काय म्हणता? माझी बायको आहे ती. यात्रेच्या बसनं गेली होती. बस पुढच्या मुक्कामाला पोचली, ही पोचली नाही."

"तेच म्हणतोय साहेब. लहान लेकरू असतं तर आत्ता धावलो असतो. मोठं माणूस आहे, राहिलं असेल मागं देवाच्या दारात. येतील. आणि तक्रार द्यायचीच असंल तर जिथं शेवटच्या दिसल्या तिथं द्या."

"माहूरला?"

"माहूरला."

तात्यांनी शिरीषकडे पाहिलं. शिरीष माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. तो नेहमीप्रमाणे बुटांकडे बघत होता. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माहूरला तिघांनी जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी पिशवी भरली.

आमच्या पेठेतल्या शेवाळ्यांची बस दरवर्षी मार्गशीर्षात साडेतीन पीठांना जायची. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणीचं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कधी गेल्या नव्हत्या. त्या वर्षी पहिल्यांदाच म्हणाल्या, "जाऊन यावं म्हणते." तात्यांनी बराच विचार करून परवानगी दिली. ते स्वतः काही गेले नाहीत, त्यांची बसच्या सीटनं पाठ धरते. माहूरच्या गडावर सगळ्यांचं दर्शन झालं, जेवणं झाली, बस सुटायच्या वेळी आईंची जागा रिकामी. मॅनेजरनं हाका मारल्या, माणसं पाठवली, खाली चौकीत कळवलं, आणि बाकीच्यांची वणी चुकायला नको म्हणून बस सोडली. मग आमच्या शेजारच्या दुकानात फोन केला.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नुकतीच कायम झाले होते. माझी मुलगी केतकी बालवाडीत. तिला न्हाऊ-माखू घालायचं, शाळेत सोडायचं, आणायचं, तात्यांचं पथ्यपाणी बघायचं, हे सगळं आई करत म्हणून मी कानाला हेडफोन लावून खुर्चीवर बसू शकत होते. तेव्हा आई हरवल्या हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते उगाच गोड करून सांगत नाही. माझी नोकरी गेली, एवढंच आलं. रडू आलं नाही, घाबरायला झालं नाही. केतकीला माझ्या आईकडे सोडलं आणि बसमध्ये बसले. सारा प्रवास कुणीतरी दुसरंच करतंय आणि मी नुसती त्याच्या शेजारी बसलेय असं वाटत होतं. "आई, चला घरी" हे वाक्य मात्र तोंडात तयार होतं.

माहूरच्या ठाण्यात केंद्रे नावाचे जमादार होते. पोट सुटलेला, शांत माणूस. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि आधी पाणी दिलं.

"कसं हाय बघा," ते म्हणाले, "गडावर रोज हजारानं माणूस यायलंय. त्यातलं एखादं चुकतंच. निम्मे स्टँडवर मिळतात, उरलेले घरी पोचून आमाला कळवायचं इसरतात. तरी बी आपण नोंद घेऊ. नाव?"

"वैजयंती भालचंद्र खटावकर," तात्या म्हणाले. नाव सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. ते नाव त्यांनी स्वतः ठेवलेलं, लग्नात, तांदळावर अंगठीनं लिहून. आमच्या आळीत सगळ्या सुमन नि मालती असताना यांची वैजयंती. या गोष्टीचा त्यांना तेव्हापासून अभिमान होता, तो त्यांनी केंद्र्यांनाही ऐकवला.

"अंगावर काय होतं?"

"पातळ."

"रंग?"

तात्यांनी आढ्याकडे पाहिलं. "हिरवं असेल."

"जांभळं," मी म्हणाले. "बारीक काठाचं. पिशवी मीच भरली होती."

"अंगावर काही खूण? तीळ, डाग, भाजल्याचं?"

 मनगटावर तेल उडून भाजल्याचा चट्टा आहे असं मला अंधुक आठवलं, पण डाव्या की उजव्या ते आठवेना. शेवटी केंद्र्यांनीच पुढचं विचारलं.

"इसराळूपणा? डोक्याची काही औषधं? घरात भांडण-बिंडण झालं होतं?"

"आमच्या घरात भांडण हा प्रकारच नाही," तात्या म्हणाले.

ते खरं होतं. भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

फोटो म्हणून आमच्याकडे माझ्याच लग्नातला होता. मध्ये आम्ही नवराबायको, बाजूला तात्या फेट्यात, आणि त्यांच्या मागं आईंचा अर्धा चेहरा. फ्लॅशच्या वेळी डोळे मिटलेले. केंद्र्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "दुसरा न्हाई का?" शिरीष म्हणाला, नाही. एवढ्या वर्षांत आईंचा एकटीचा फोटो काढायची वेळच आली नव्हती.

त्यांच्या माणसांनी धर्मशाळा पाहिल्या, लॉज पाहिले, दत्तशिखराच्या वाटेवर विचारलं, स्टँडवर कंडक्टरना सांगितलं. सगळीकडे एकच प्रश्न: वैजयंती खटावकर नावाची बाई इथं उतरलीय का? सगळीकडून एकच उत्तर. आम्ही धर्मशाळेच्या एका खोलीत उतरलो होतो. तात्यांना चहा आवडला नाही, अंथरूण बरं वाटलं नाही. मी चहा दुसरा आणला, अंथरूण उलटं घातलं. हे करताना लक्षात आलं, की आईंचं काम मी घरापासून इतक्या लांब येऊन सुरूसुद्धा केलं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्र्यांनी शिरीषला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं.  तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "घाटात एक बाई मिळालीय. दवाखान्यात ठेवलीय. बघून घ्या म्हणतात."

"मग बघ."

"मला नाही जमायचं, नीलिमा."

तात्या म्हणाले, "माझं ब्लडप्रेशर."

मग मी गेले. सोबत राठोडबाई होत्या, ठाण्यातल्या एकट्या महिला शिपाई. माझ्याच वयाच्या, उंच, भरभर चालणाऱ्या. वाटेत त्या म्हणाल्या, "आधी पाय बघा. पायावरनं कळतंय. तोंड नंतर बघा, लागलं तर."

खोली थंड आणि फिनेलच्या वासाची होती. माणसानं चादर पायाकडून वर केली. पाय मी बघितले. टाचा भेगाळलेल्या होत्या, जोडवी नव्हती, बोटं आखूड होती. आईंचा अंगठा लांब आहे. रोज सकाळी त्या उंबऱ्याशी रांगोळी काढायला उकिडव्या बसायच्या तेव्हा दिसायचा. चट्टा कुठल्या हाताला ते मला आठवलं नव्हतं, पण अंगठा आठवला.

"नाहीत," मी म्हणाले.

"तोंड?"

"नको. नाहीत या."

बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. बरं वाटायला हवं होतं. तसंही वाटलं नाही. त्या पायांची कोण असेल, आणि तिचं कोणी येईल का, एवढा विचार आला आणि गेला. राठोडबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नि लगेच काढला. ठाण्याच्या पायरीवर दोघं उभे होते. मी लांबूनच मान हलवली. तात्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "मग चहा घेऊन टाकू."

चहा पिताना केंद्रे आपली खुर्ची आमच्याकडे ओढून बसले. "एक इचारू का? बाईंचं माहेरचं नाव काय?"

"चिंचणीकर," तात्या म्हणाले.

"आडनाव नव्हं. नाव. तुमी लग्नात बदललं म्हणायलात की."

"बदललं म्हणजे ते संपलं. त्या नावानं तिला कोण ओळखणार?"

"आता हे माझं अनुभवाचं सांगायलो. गडी हरवला की गुत्त्यावर इचारायचं. बाई हरवली की माहेरच्या नावानं इचारायचं. काय होतं नाव?"

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग चष्मा काढून पुसला. मला वाटलं, सांगायचं नाही म्हणून थांबलेत. पण तसं नव्हतं. त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा कशाचं तरी उत्तर नसलेलं बघत होते.

"लक्ष्मी?" ते स्वतःशीच म्हणाले. "नाही. काहीतरी तीर्थाचं होतं."

शिरीष तर आईच्या पोटी जन्मलेला, त्याला तिला दुसरं नाव होतं हेच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आईंचा भाऊ चिंचणीला होता. त्याला यातलं काही कळवलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तात्यांचं धोरण. मी उठले, समोरच्या बूथवर गेले आणि फोन लावला. लाइन लावणं तरी माझ्या हातातलं काम होतं.

"मामा, मी नीलिमा, शिरीषची बायको. आईंचं लहानपणचं नाव काय होतं?"

 तिकडं म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "का गं? द्वाक्कीला काय झालं?"

"द्वाक्की म्हणजे?"

"द्वारका. द्वारका आमची. काय झालं तिला?"

मी म्हटलं, काही नाही, यात्रेत आहेत, सहज विचारलं. फोन ठेवला. परत येऊन केंद्र्यांना नाव सांगितलं. ते पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. तात्या म्हणाले, "हां, द्वारका. तेच ते. मी म्हटलं नव्हतं, तीर्थाचं होतं म्हणून?"

द्वारका या नावानं विचारत फिरलेल्या राठोडबाई ऊन उतरायच्या आत परतल्या. त्या थेट आत गेल्या. मग केंद्र्यांनी आम्हाला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई सुखरूप हायत," ते म्हणाले.

 शिरीष रडायला लागला. हुंदके देऊन, लहान मुलासारखा. मी त्याच्याकडे बघत राहिले. मलाही तसंच काहीतरी व्हावं म्हणून वाट पाहिली, पण नाही झालं.

"कुठं आहे? गाडी काढा, आणू तिला," तात्या उठले.

"बसा. आणता येत न्हाई."

"म्हणजे?"

"त्यांनी जबाब दिलाय. मी माझ्या मर्जीनं राहिलेय, कोणाची जबरदस्ती न्हाई, घरी जायचं न्हाई. पत्ता घरच्यांला देऊ नका म्हणल्यात."

"अहो पण मी तिचा नवरा आहे!"

"हाव. तसं नोंदीत लिवलंय आमी," केंद्रे शांतपणे म्हणाले. "पण त्या सज्ञान हायत. काही गुन्हा केला न्हाई, डोकं ठिकाणावर हाय. आमचं काम माणूस जित्तं हाय का मेलं, आन कुणी डांबून ठिवलं का, एवढं बघायचं. जित्तं हाय, डांबलं न्हाई. आमाला बाई उचलून तुमच्या गाडीत घालता येत न्हाई."

"कुणीतरी फूस लावली असेल!"

"तात्या," शिरीष म्हणाला, "या वयात?"

"तू गप्प बस!"

बराच वेळ तात्या बोलत होते. वरिष्ठांकडे जाईन, पेपरात देईन, ओळखी आहेत माझ्या, असं सगळं बोलून झालं. केंद्र्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. पाऊस पडून जाऊ द्यावा तसे बसले होते. मग म्हणाले, "एक काम राह्यलंय. हा फोटो असा हाय, की तीच बाई का, आमाला छातीठोक सांगता येईना. घरचं एक माणूस वळख पटवायला लागतंय. बाई म्हणल्या, सून आली तर चालंल. दुसरं कोणी आलं तर मी भेटायची न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तात्या जवळ आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नातल्या नमस्कारानंतर पहिल्यांदाच. "नीलिमा, तिला घेऊन ये. तुझं ऐकेल. पाया पड, रड, काय वाट्टेल ते कर. तिच्याशिवाय घर नाही उभं राहायचं. तुझंच सगळ्यात जास्त अडेल."

हे त्यांनी अगदी खरं सांगितलं.

जीप कुठं गेली ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगण्यात अर्थ नाही. मागच्या अंगणात चारपाच बाया बसल्या होत्या. माहूरला देवीचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. पान, कात, बडीशेप, सगळं खलात घालून लगदा होईपर्यंत कुटायचं. त्या बाया तेच करत होत्या. खलबत्त्यांच्या आवाजात कोणीतरी काहीतरी बोललं आणि एक बाई मोठ्यानं हसली. तो आवाज आईंचा आहे हे मला चेहरा दिसल्यावर कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. तोंडाला पदर लावलेला पाहिला होता, इतकंच.

"द्वारकाबाई, तुमच्याकडची आलीय बघा," एकजण म्हणाली.

त्या हात पुसत उठल्या. अंगावर तेच जांभळं पातळ. तब्येत उतरलेली नव्हती. मी भिंतीशी उभी होते, त्या माझ्याजवळ आल्या आणि खाली पायरीवर बसल्या, मलाही बस म्हणाल्या.

"जेवलीस का?"

"चहा झाला."

"चहा म्हणजे जेवण नव्हे. केतकी?"

"माझ्या आईकडे आहे."

"रडते का गं?"

"विचारते. देवाला गेल्यात म्हणून सांगितलंय."

"मग खोटं काही नाही सांगितलंस."

राठोडबाई पुढं झाल्या. "मॅडम, ह्याच का तुमच्या सासूबाई?"

"ह्याच."

"मावशी, सुनेसमोर एकदा परत इचारते. मर्जीनं ऱ्हायलात? कोणी दाब दिला, फूस लावली?"

"मला आता कोण फूस लावतंय," आई म्हणाल्या. "दोन वेळच्या भाकरीएवढी पण नाही माझी किंमत."

राठोडबाई हसल्या आणि जीपकडे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघीच उरलो.

"का राहिलात?" मी विचारलं. वाक्य तोंडात तयार होतं ते सोडून हेच बाहेर आलं.

आईंनी हात नीट पाहिले. काताचा रंग नखांत बसला होता. "ते मलाही धड सांगता यायचं नाही. बस सुटायची वेळ झाली. तो शेवाळ्यांचा मॅनेजर पायरीवर उभा राहून एकेकाची नावं घेत होता. वैजयंती खटावकर, म्हणून ओरडला. मी तिथंच होते, नारळाच्या दुकानाशी. ऐकू आलं मला. पण ओ द्यायचं काही केल्या तोंडात येईना. तो परत ओरडला. मला वाटलं, देईल कोणीतरी ओ. मग बस गेली."

"आणि मग?"

"मग काय. भूक लागली. इथं आले, म्हटलं काही काम आहे का. नाव विचारलं त्यांनी. द्वारका सांगितलं."

खल पुन्हा सुरू झाले होते. 

"तात्यांनी तुला पाठवलंय, घेऊन ये म्हणून," आई म्हणाल्या.

"हो."

"पोलिसांना मी नाही म्हणून सांगितलंय. त्यांनाही सांगेन, दारात आले तर. पण तुला नाही म्हणणार नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "हे बघ नीलिमा. मी नाही आले तर त्या घरात काय होईल ते मी जाणते आणि तू जाणतेस. त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो. पोरगी लहान आहे. तुझी नोकरी राहायची नाही. म्हणजे मी इथं बसायचं ते तुझ्या जिवावर. मग तुला विचारायला नको? मला कधी कोणी काही विचारलं नाही, म्हणून काय मीही विचारू नये? तू चला म्हण. पिशवी ती तिथं आहे. जीपमध्ये येऊन बसते, एक शब्द बोलायची नाही."

पिशवी खरंच दाराशी होती. बांधलेली.

मी घरापासून तेच वाक्य घेऊन आले होते. आई, चला घरी. तीन शब्द. रोज दिवसभर मी लोकांना याहून लांब वाक्यं बोलत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. हे काय, ओझं स्वतः उतरवून ठेवायचं आणि ते उचलायचं की नाही तेही मीच सांगायचं? हे सगळं मला कळत होतं, अगदी लख्ख, पण आत काही हललं नाही. मी नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्या वाट बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. आता त्या डोळे मिटून घेतील असं वाटलं.

त्यांनी नाही मिटले.

"येते मी, आई," मी म्हणाले आणि उठले.

त्याही उठल्या. खलातला विड्याचा एक गोळा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, आणि माझी मूठ त्यांच्या दोन्ही हातांनी मिटली. किती वेळ धरून ठेवली ते आठवत नाही. सुटल्यावर मी जीपमध्ये जाऊन बसले. राठोडबाईंनी विचारलं, "जायचं?" मी हो म्हटलं.

ठाण्याच्या पायरीवर तात्या उभेच होते. जीपमधून मी एकटी उतरलेली पाहून त्यांनी आत वाकून सीटखालीसुद्धा पाहिल्यासारखं केलं.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाल्या."

"तू म्हटलंस ना, चला म्हणून?"

"म्हटलं."

"पाया पडलीस?"

"पडले."

राठोडबाई माझ्या मागंच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग केंद्र्यांना म्हणाल्या, "वळख पटली सर. बाई मर्जीनं हायत." केंद्र्यांनी मान डोलावली. ठाण्याच्या लेखी आमचं काम संपलं. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते तात्यांना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळांला आमी पांढऱ्या चादरीखालचं दावून लावून देतो. तुमचं माणूस जित्तं हाय." तात्यांनी त्यांना नमस्कार केला नाही.

घरी आल्यावर तात्यांनी एक दिवस कोणाला भेटायला नकार दिला. मग शेवाळे आले, शेजारचे आले, आणि तात्या पलंगावर ताठ बसून म्हणाले, "ती देवीच्या सेवेला राहिलीय. मीच परवानगी दिली." ही बातमी पेठेत वाऱ्यासारखी पसरली. बायका घरी येऊन आईंच्या रिकाम्या पाटाला हात लावून जायच्या. एका म्हाताऱ्यानं तर तात्यांचे पाय धरले. बायकोला असं सोडणं सोपं नाही, म्हणाला, त्याला वैराग्य लागतं. तात्यांनी ते ऐकून घेतलं. गावानं त्यांना बघता बघता निम्मा संत करून टाकलं. शिरीष आतल्या खोलीत जाऊन बसायचा. मला हसू आलं असतं, पण हसायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं.

मी एक्स्चेंजमध्ये रजा वाढवली. मग परत वाढवली. मग साहेबांनी बोलावून सांगितलं, की बाई, असं किती दिवस चालणार? मी राजीनामा लिहून दिला. खुर्चीवर दुसरी मुलगी बसली. तिला मी बोर्ड दाखवला, कुठली लाइन चिकटते ते सांगितलं आणि घरी येऊन संध्याकाळचा स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीला शाळेत पोचवायचं होतं. मी ओट्याशी तिची पोळी लाटत होते. शिरीष आरशासमोर दाढी करत होता. बाहेरच्या खोलीत तात्या जागे झाल्याचा आवाज झाला, खोकला झाला, चष्मा चाचपून झाला. मग हाक आली.

"वैजयंती, चहा!"

शिरीषचा हात गालावर थांबला. केतकी ताटलीतून मान वर करून दाराकडे बघायला लागली, आजी आली की काय म्हणून. तात्या स्वतःही दचकले असतील. पण त्यांनी हाक परत घेतली नाही, दुरुस्तही केली नाही. ते वाट बघत होते. सगळं घर वाट बघत होतं.

दूध वर आलं होतं. मी गॅस बारीक केला.

"आले," मी म्हणाले.